‘डी’ ड्राइव्हचा दिलासा

लॅपटॉप बिघडला म्हणून दुकानात नेला की काउंटरपलीकडचा मुलगा तो उघडायच्या आधीच विचारतो, “सी ड्राइव्हमध्ये काही ठेवलंय का? फॉरमॅट मारावा लागेल.” शहरातलं मोठं दुकान असो की तालुक्याच्या गावातला एका गाळ्याचा कारभार, प्रश्न हाच. उत्तरही ठरलेलं: “नाही, नाही, सगळं डीला आहे.” मग दोघेही निश्चिंत होतात आणि तासाभरात सी ड्राइव्ह पुसला जातो.

या निश्चिंतीमागे इतिहास आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहा-बारा वर्षं घरोघरी आले ते बहुतेक ‘असेंबल्ड’ कॉम्प्युटर. विंडोज वर्षा-सहा महिन्यांनी मान टाकायची, व्हायरस शिरायचे आणि कॉम्प्युटरवाला येऊन फॉरमॅट मारून जायचा. म्हणून जोडणी करतानाच तो हार्ड डिस्कचे तीन-चार भाग पाडून द्यायचा. सीमध्ये विंडोज, डीमध्ये घरचे फोटो आणि कागदपत्रं, ईमध्ये गाणी आणि सिनेमे. सी पुसला तरी डी शाबूत. त्या काळच्या त्या दुखण्यावर हे औषध चोख होतं. घोळ पुढे झाला. फॉरमॅटपासून वाचवणाऱ्या या सोयीलाच लोक बॅकअप म्हणू लागले आणि महत्त्वाची फाइल सीवरून डीवर कॉपी केली की काम झालं असं धरून चालू लागले.

पण सी आणि डी ही एकाच कपाटाच्या दोन कप्प्यांची नावं आहेत. डिस्क बंद पडली, लॅपटॉप एसटीत राहिला, त्यावर चहा सांडला, तर दोन्ही कप्पे एकदमच जातात.

डिस्क किती प्रमाणात बंद पडतात याचे जाहीर आकडे मिळतात. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी लोकांचा डेटा भाड्याने साठवते. तिच्याकडे तीन लाखांच्या आसपास हार्ड डिस्क अखंड चालू असतात आणि त्यांतल्या किती गेल्या याचा हिशेब ती गेली अनेक वर्षं प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण वर्षाला साधारण दीड टक्क्याच्या आसपास राहिलं आहे. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण एकच डिस्क सहा वर्षं वापरली तर अकरा-बारा घरांमागे एका घराची डिस्क जाणार, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय हे आकडे वातानुकूलित खोलीत, स्थिर विजेवर, जागेवरून न हलणाऱ्या डिस्कचे आहेत. घरची डिस्क पिशवीतून हिंडते, उन्हाळ्यात तापते आणि वीज गेली की मध्येच बंद पडते. जुन्या पद्धतीची फिरती डिस्क मरायच्या आधी बऱ्याचदा निदान टकटक आवाज करून सूचना तरी देते. हल्लीच्या लॅपटॉपमधली एसएसडी पुष्कळदा तेवढीही सूचना देत नाही. काल चालू होती, आज दिसतच नाही. एसएसडीवर चुकून पुसलेली फाइल परत मिळवणंही जास्त अवघड, कारण पुसलेली जागा ती स्वतःच मागच्या मागे साफ करून टाकते.

एवढं समजलं की माणूस बाहेरची हार्ड डिस्क विकत आणतो, एका रविवारी सगळं तिच्यावर उतरवतो आणि ती कपाटात ठेवून देतो. पहिलं पाऊल म्हणून हे उत्तम आहे. मात्र डेटा गमावल्याच्या गाजलेल्या गोष्टी पाहिल्या तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. त्यांतल्या बऱ्याच जणांकडे बॅकअप होता, किंवा आहे अशी त्यांची खात्री होती.

‘टॉय स्टोरी २’ या सिनेमाचं उदाहरण घ्या. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत या सिनेमाचं काम चालू असताना कुणीतरी फाइली पुसण्याची आज्ञा चुकीच्या ठिकाणी दिली. बघता बघता पडद्यावरून पात्रांचे भाग नाहीसे होऊ लागले. यंत्र बंद करेपर्यंत सिनेमाचा सुमारे ९० टक्के भाग पुसला गेला होता, असं पिक्सारचे एक संस्थापक एड कॅटमुल यांनी आपल्या पुस्तकात लिहिलं आहे. स्टुडिओत बॅकअपची व्यवस्था होती. ती तपासली तेव्हा कळलं, की ती नीट चालतच नव्हती. सिनेमा वाचला तो गेलिन सुसमन या तांत्रिक पर्यवेक्षिकेमुळे. त्यांना नुकतंच बाळ झालं होतं, त्या घरून काम करत होत्या आणि त्यासाठी सिनेमाची प्रत वरचेवर घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेत होत्या. त्या एका सहकाऱ्याला घेऊन गाडीने घरी गेल्या, दोघांनी कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळला आणि जपून स्टुडिओत आणला. त्या प्रतीतून बहुतेक सगळं परत उभं राहिलं. नंतर दिग्दर्शकांनी कथाच बदलायला घेतली आणि वाचवलेल्यातलं बरंच काम पुन्हा करावं लागलं, तो भाग वेगळा.

गिटलॅब या कंपनीची कहाणी याहून बोधप्रद आहे, कारण ही माणसं कॉम्प्युटरमध्येच मुरलेली. जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम त्यांच्याकडे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री, बराच वेळ एका बिघाडाशी झुंजून दमलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसण्याची आज्ञा दिली. चूक ध्यानात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरले होते. हरकत नाही, बॅकअपच्या एक सोडून पाच तऱ्हा होत्या! एकेक करून पाहिल्या तर कुठलीच कामाची निघाली नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे गपचूप अपयशी होत होता. अपयशाची सूचना ईमेलने जायची, पण ती ईमेल समोरची यंत्रणा नाकारत होती. कुणी तरी वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने तारलं. तरीही मधल्या सहा तासांतली सुमारे ७०० नवी खाती आणि ५ हजार प्रकल्पांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. हे सगळं कंपनीने स्वतः जाहीर केलं आणि दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, हा तिचा मोठेपणा.

दोन्ही ठिकाणी नशिबाने हात दिला. घरच्या कॉम्प्युटरसाठी नशिबावर किती भिस्त ठेवायची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

या क्षेत्रात ‘तीन-दोन-एक’ नावाचा नियम सर्वत्र सांगितला जातो. तो रूढ केला पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने, डिजिटल फोटो कसे सांभाळावेत यावरच्या आपल्या पुस्तकात. मूळ धरून तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. पहिल्या दोन अटी लोकांना पटतात. तिसरीला मात्र कंटाळा आड येतो, आणि आपल्याकडे तिचीच गरज जास्त. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. अशा वेळी तळमजल्यावरच्या घरात लॅपटॉप टेबलावर आणि डिस्क शेजारच्या खणात असेल, तर प्रती दोन असूनही पाणी एकच. तंत्रज्ञानात अतिशय प्रगत असलेल्या दक्षिण कोरियाने हा धडा महागात घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्रात बॅटऱ्यांनी पेट घेतला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली जिथे साठवल्या जात, ती सुमारे ८५८ टेराबाइटची यंत्रणा जळाली. तिची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती. कारण काय, तर डेटा फार मोठा होता!

घराबाहेरच्या प्रतीसाठी फार डोकं चालवावं लागत नाही. गणपतीला गावी जाताना एक डिस्क न्यायची आणि गावी ठेवलेली आधीची परत आणायची. भाऊ-बहिणीच्या घरी एकमेकांच्या डिस्क ठेवता येतात. दागिन्यांसाठी बँकेत लॉकर असेल तर त्यात डिस्कपुरती जागा निघतेच. त्या डिस्कला पासवर्ड घालावा, एवढंच पथ्य.

“मग क्लाउड कशासाठी आहे?” असं तरुण मंडळी विचारतात. क्लाउड घराबाहेरच असतो, त्यामुळे तिसऱ्या प्रतीसाठी तो चांगलाच. पण गूगल फोटोची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ गिगाबाइट फुकट. वनड्राइव्हवर ५ आणि आयक्लाउडवरही ५. एका लग्नाच्या फोटोंनीच ही जागा भरते. जागा भरली की नवे फोटो चढायचे थांबतात आणि त्याची सूचना लोक इतर सूचनांबरोबर बाजूला सारतात. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, हेही लक्षात ठेवलेलं बरं. फक्त फोटोंसाठी उघडून विसरलेली खाती घरोघरी असतात.

त्याहून मोठा गोंधळ ‘सिंक’ आणि बॅकअप यांच्यात होतो. सिंकचं काम दोन ठिकाणं सारखी ठेवणं. तुम्ही इथे फोटो पुसला की तो तिथेही पुसला जातो. कचरापेटीत तो सेवेनुसार साधारण ३० ते ६० दिवस मिळतो, पुढे नाही. इथली फाइल बिघडली तर बिघडलेली फाइल इमाने-इतबारे तिकडे पोचते. सिंकवर पूर्ण विसंबण्याचं काय होतं याचं एक महागडं उदाहरण न्हावा शेवापर्यंत येऊन पोचलं होतं.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधून सुटला आणि काही तासांत मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत पसरला. न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाचं टर्मिनल आहे. तिथलं काम ठप्प झालं. पडद्यावर खंडणीची मागणी होती, पण पैसे भरूनही डेटा परत येणार नव्हता, कारण तो कायमचा नष्ट करण्यासाठीच हा प्रोग्रॅम बनवला होता. कोणत्या कर्मचाऱ्याला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर मर्स्ककडे जगभर होते. ते सतत एकमेकांशी सिंक होत. एक गेला तरी बाकीच्यांकडे प्रत आहेच, या विश्वासावर त्या नोंदींचा स्वतंत्र बॅकअप कुणी घेतलाच नव्हता. सगळेच एकदम पुसले जातील ही शक्यता कुणाच्या मनात आली नव्हती. ते सगळे पुसले गेले. अपवाद फक्त घानामधल्या एकाचा. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती, त्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला राहिला. तिथलं इंटरनेट इतकं मंद, की दुरुस्तीचं काम चाललं होतं त्या इंग्लंडला एवढा डेटा पाठवायला कैक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकाने डिस्क घेऊन नायजेरियाच्या विमानतळापर्यंत जायचं आणि तिथे दुसऱ्याच्या हाती द्यायची, असं ठरलं. एकूण दहा दिवसांत कंपनीने ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले. लोडशेडिंगला शिव्या देत वाढलेल्या वाचकांना या कथेत वीज कंपनीची बाजू प्रथमच बरी दिसेल.

घरगुती कॉम्प्युटरवर खंडणीखोर प्रोग्रॅम येतात ते वेगळ्या वाटेने. ‘स्टॉप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिकेने सामान्य वापरकर्त्यांनाच लक्ष्य केलं आणि ती मुख्यतः ‘क्रॅक’ केलेल्या फुकट सॉफ्टवेअरबरोबर पसरली. फोटोशॉप फुकटात मिळालं म्हणून खुशीत असलेल्या माणसाच्या सगळ्या फाइलींना संध्याकाळपर्यंत कुलूप लागतं. ‘नो मोअर रॅन्सम’ या युरोपोल आणि इतरांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात काही कुलपांच्या चाव्या मोफत मिळतात, सगळ्यांच्या नाही. असा प्रोग्रॅम जोडलेल्या प्रत्येक डिस्कवर जातो, म्हणून डीवरची प्रत इथे पुन्हा निरुपयोगी. सतत लावून ठेवलेली बाहेरची डिस्कही तशीच. कॉपी झाली की ती काढून ठेवायची, एवढी सवय पुरेशी आहे.

आता ठेवायचं काय? विंडोज पुन्हा मिळते, सिनेमे पुन्हा मिळतात. न मिळणाऱ्या गोष्टी थोड्या असतात: फोटो, घरचे व्हिडिओ, सातबारा आणि खरेदीखताची स्कॅन केलेली पानं, गुणपत्रिका, प्रबंध, दुकानाचा टॅलीचा डेटा. बहुतेक घरांत हे सगळं एका टेराबाइटच्या डिस्कवर मावून जागा उरते.

मराठी घरांत आणखी एक अडगळ असते आणि तिच्याकडे वेळीच पाहिलेलं बरं. नव्वदच्या दशकापासून हजारो मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल आणि घरच्या वंशावळी पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप झाल्या. त्या फाइलींच्या आत देवनागरी अक्षरं नसतातच. आत असतात ते इंग्रजी अक्षरांचे संकेत, आणि विशिष्ट फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फाँट नसला की पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं उमटतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. म्हणजे फाइल तीन ठिकाणी सुखरूप असली तरी ती उघडणारं यंत्र पुण्यातल्या कुठल्याशा डीटीपीवाल्याकडे धूळ खात पडलेलं असणार. अशा फाइलींचं जतन म्हणजे जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर त्यांची पीडीएफ करणं आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं. बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, तेव्हा एकदा वाचून घ्यावं लागतं. लग्नाच्या सीडींचंही तेच. घरी ‘बर्न’ केलेल्या सीडीवरचा रंगाचा थर काळाबरोबर खराब होतो आणि नव्या लॅपटॉपला सीडीचा खण नसतोच.

आता प्रश्न सवयीचा. हाताने कॉपी करण्याचा उत्साह दोन-तीन महिने टिकतो. म्हणून काम यंत्रावर सोपवणं शहाणपणाचं. ॲपलच्या कॉम्प्युटरमध्ये २००७ पासून टाइम मशीन आहे. डिस्क जोडलेली असली की ते गेल्या २४ तासांतल्या दर तासाच्या, गेल्या महिन्यातल्या दर दिवसाच्या आणि त्याआधीच्या दर आठवड्याच्या प्रती ठेवतं. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी तसंच काम करते, पण ती मुळात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असे ठरावीक फोल्डरच पाहते. वनड्राइव्हचा आपोआप बॅकअपही याच फोल्डरांचा होतो. हे फोल्डर असतात सीवर. म्हणजे जपून डीवर ठेवलेला संसार दोन्हींच्या नजरेतून सुटतो. ज्यांनी वीस वर्षं शिस्त पाळली त्यांचेच फोटो बाहेर राहतात. फाइल हिस्टरीसाठी डीवरचे फोल्डर विंडोजच्या लायब्ररीत मुद्दाम जोडावे लागतात, किंवा दोन्हींसाठी सरळ डॉक्युमेंट्समध्ये हलवावे लागतात.

जिथे यंत्र पुरत नाही तिथे कॅलेंडर कामाला येतं. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून कंपन्यांना आपल्या हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज, तोही भारतातल्या सर्व्हरवर घेणं बंधनकारक केलं. घराला अशी सक्ती नाही. घराला महिन्यातून एकदा, विजेचं बिल भरायच्या दिवशी, डिस्क जोडली तरी चालेल. २०११ पासून ३१ मार्च हा ‘जागतिक बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो. अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने एप्रिल फूलच्या आदला दिवस म्हणून तो निवडला. आपल्याकडे त्या दिवशी आर्थिक वर्ष संपतं, कर सल्लागाराला पाठवलेल्या फाइली हाताशी असतात, त्यामुळे तारीख आयतीच सोयीची पडली आहे.

त्या दिवशी आणखी एक काम करायचं. डिस्क दुसऱ्याच कुणाच्या तरी लॅपटॉपला जोडायची आणि त्यातले पाच-दहा फोटो, एखादा व्हिडिओ, एखादी एक्सेल फाइल उघडून पाहायची. गिटलॅबमध्ये नेमकं हेच राहून गेलं होतं. पाहताना फोल्डर रिकामा निघेल, शेवटची तारीख दोन वर्षांपूर्वीची दिसेल किंवा डिस्क पासवर्ड मागेल आणि तो कुणालाच आठवणार नाही. हे कळायला तो दिवस बरा.

पासवर्डवरून एक ताजी भानगड सांगायला हवी. नव्या विंडोज लॅपटॉपमधली डिस्क पुष्कळदा कारखान्यातून आल्यापासूनच, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा प्रवेश केल्याबरोबर, कुलूपबंद होते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मदरबोर्ड बदलला की लॅपटॉप ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही वाचता येत नाही. दुकानातल्या मुलाकडेही त्यावर इलाज नाही. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. ती छापून विम्याच्या पॉलिसींच्या फाइलीत लावावी आणि घरातल्या आणखी एकाला ती जागा दाखवून ठेवावी. विंडोज स्वतः ही की त्याच कुलूपबंद ड्राइव्हवर जतन करू देत नाही. तरी मोबाइलवर तिचा फोटो काढून, तो लॅपटॉपवर उतरवून, मोबाइलमधला मात्र जागा हवी म्हणून पुसून टाकणारे महाभाग असतातच.